बाहेरून कडी

परवाना संपून सात महिने झाले होते.
वेंगुर्ल्याहून उभादांड्याकडे वळताना
रिक्षावाला म्हणाला, काजूची फॅक्टरी ना? म्हाताऱ्यांची?
दोन्ही एका दमात.

भाजलेल्या टरफलांचा वास अजून भिंतींत होता.
जिथे बायका रांगेने बसून बिया फोडत
तिथे आता अठरा खाटा.
मी टेप काढला.
दोन खाटांमध्ये तीन फूट हवेत, अडीच भरले.
सेराफिनबाय म्हणाली, मधल्या खुर्चीमुळे कमी पडतं.
खुर्चीवर यमुनाबाई बसते,
हमीदाला रात्री हात धरून झोप लागते.
मी अडीच लिहिलं.
खुर्चीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

पाण्याचा दाखला आहे. पेजेचं पातेलं झाकलेलं.
औषधांची वही निळ्या शाईत, चोख,
एका पानावर चूक खोडून बाजूला सही.
अशी खोडलेली चूक दिसली की मला विश्वास वाटतो.
आग विझवायच्या नळकांड्याची तारीख उलटून गेलेली.
मालवणहून माणूस येतो म्हणाला होता, आला नाही.
तेही लिहिलं.

मग शेवटची खोली.
दाराला कडी. बाहेरून.
पितळी, एखाद्या होडीच्या सामानातली असावी,
खाऱ्या हवेत हिरवी पडलेली,
फक्त टोकाशी, जिथे रोज बोट लागतं,
लख्ख.

आत जानू गिरप, वय एक्याऐंशी.
भरती लागली की उठतो.
रापण ओढूक जातंय, म्हणतो, माका हाका मारतत.
दोनदा ओल्या वाळूत सापडला,
तिसऱ्यांदा गुडघाभर पाण्यात,
दोन्ही हातांनी ओढत होता.
हातात दोर नव्हता.

मग मी काय करू, सांगा,
सेराफिनबाय म्हणाली. रागाने नाही.
तिचे पाय सुजलेले होते.
रात्रपाळीला ती आणि एक पोरगी,
आणि जानूशिवाय सतराजण.

नियम मला क्रमांकासकट पाठ आहे.
कुणीतरी टेबलाशी बसून लिहिला असेल तो,
पण त्या टेबलावर आधी फोटो ठेवलेले असणार.
तसले फोटो मी एकदा पाहिलेत, दुसऱ्या जिल्ह्यातले.
जळकं दार. खालच्या अंगाला,
आतून,
नखं.
म्हणून मी "समजू शकते" असं काही म्हटलं नाही.
स्क्रू-ड्रायव्हर आहे का, विचारलं.

चार स्क्रू. तिसरा गंजलेला,
त्याला खोबरेल लावावं लागलं.
जानू आतून बघत होता. म्हणाला,
उलटो फिरव गो चेडवा.
खरंच, मी सुलटा फिरवत होते.

सेराफिनबायने आपली खाट फरफटत आणली,
उंबऱ्याला लावली.
जाऊ दे आता मला ओलांडून.

तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना.
अट : रात्री आणखी एक माणूस नेमावा.
पगार कुठून, तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

कडी माझ्या पिशवीत कशी आली, आठवत नाही.
कुडाळच्या एसटीत दर खड्ड्याला वाजत होती,
पुढच्या सीटवरची कोळीण दोनदा वळून बघून गेली.

आमच्याही मागच्या खोलीला एक आहे.
साधी, लोखंडी, पस्तीस रुपयांची.
सकाळी साडेनऊला मीच घालते.
सासरे आत, रेडिओ चालू, तांब्या भरलेला.
एक वाजता शेजारीण डोकावते, बहुतेक दिवस.
चार माणसांच्या घराला परवाना लागत नाही.
टेप घेऊन कुणी येत नाही.

साडेसातला दार उघडलं.
आलीस? म्हणाले. रेडिओवर बातम्या संपत होत्या.
मी पदर खोचला, डाळ धुतली, कुकर लावला.
मग परत जाऊन
दाराचे स्क्रू मोजले.

चारच होते.